ब्रिटनमध्ये पीएचडी करताना लोकांच्या उत्पन्नाचा गोपनीय डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर घेता येतो का?

नाही, फाइल हातात मिळत नाही. एसेक्स विद्यापीठातल्या यूके डेटा सर्व्हिसची 'सिक्युअरलॅब' बघा. डेटा त्यांच्याच सर्व्हरवर राहतो, आपण दुरून लॉगिन करून तिथेच स्टाटा किंवा आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालवायचं. स्क्रीनवर सगळं दिसतं, पण डाउनलोड नाही की कॉपी-पेस्ट नाही.

त्याआधी 'मान्यताप्राप्त संशोधक' व्हावं लागतं (२०१७ चा डिजिटल इकॉनॉमी कायदा). प्रशिक्षण, परीक्षा, शिवाय प्रकल्पाला वेगळी मंजुरी. वेळ लागतो, म्हणून पहिल्याच वर्षी अर्ज टाका.

खरी कसोटी निकाल बाहेर काढताना. तुमचे तक्ते, आलेख तिथली माणसं तपासतात आणि मगच देतात. तक्त्याच्या एखाद्या चौकटीत साधारण १० पेक्षा कमी माणसं असली की अडलंच समजा. उगीच कटकट वाटते, पण विचार करा: गावात तीनच दंतवैद्य आहेत आणि तक्त्यात त्यांचं सरासरी उत्पन्न छापलं, तर त्यातला एक जण उरलेल्या दोघांची एकत्र कमाई वजाबाकीने काढेल. कमाल-किमान आकडेही याच कारणाने अडकतात, ते बहुधा एकाच माणसाचे असतात. गट सुरुवातीपासूनच मोठे ठेवा.

काही डेटासाठी 'सेफपॉड'मध्ये जावं लागतं. एकट्यापुरती छोटी बंदिस्त खोली, वर कॅमेरा. काही विद्यापीठांत ती असते.

आणि हो, सुट्टीत पुण्याला जाऊन उरलेलं विश्लेषण उरकू, असं ठरवू नका. सिक्युअरलॅबचं लॉगिन ब्रिटनमधूनच करावं लागतं.