शहरात सरकारी कॉलेज आलं की स्थानिकांना खरंच फायदा होतो, की नुसती भाडी वाढतात?

भाडी वाढतात, ते खोटं नाही. पण तुमच्याकडे कॉलेज येणार म्हणून विचारताय, तर माझ्या वहीतला हिशोब सांगते. मी रत्नागिरीत शिरगावला डबे देते, बारा वर्षं झाली.

इथे मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, १९८१ पासून. प्रवेश राज्यभरातून होतात, म्हणून मुलं लातूर, बीड, सोलापूरकडची. माझ्या आजीचं घर मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायचं. माझ्या मोबाइलवर दर पाच तारखेपर्यंत घाटावरून पैसे येतात, कुणाच्या तरी बापाने सोयाबीन विकून पाठवलेले. कोकणात पैसा बाहेरून शिकायला येतोय, याची मला अजून गंमत वाटते. आणि तो माझ्याकडे थोडाच राहतो? तांदूळ, गॅस, भाजीवाली, मिरकरवाड्याहून येणारी मासेवाली, भांडी घासायला येणारी बाई, सगळ्यांत वाटला जातो.

पहिल्याच वर्षी एका मुलाने तांदळाची भाकरी मोडून बघितली आणि हळूच विचारलं, "काकू, ज्वारीची नाही का मिळणार?" तेव्हा आमच्या वाण्याकडे ज्वारीचं पीठ मागितलं की तो "डायबेटिस निघाला काय?" म्हणायचा. आता तो पोती मागवतो. बांगड्याचे काटे काढायला मात्र या मुलांना दोन महिने लागतात, आणि आलेत मासे शिकायला!

आसपासच्या गावातल्या मुलींचं वेगळं. शहरातल्या कॉलेजांत त्या एसटीचा पास काढून येतात, संध्याकाळी घरी. मुंबईला ठेवायची घरच्यांची ऐपत नसते, कधी ऐपत असून मन नसतं. जवळ कॉलेज नसतं तर त्यातल्या कितीतरी बारावीलाच थांबल्या असत्या.

२०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं, १०० जागांचं, जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं. पूर्वी जरा अवघड केस झाली की "कोल्हापूरला हलवा". ते अजून ऐकू येतं, पण शिकवणारे डॉक्टर तरी इथे राहायला आले.

फार आशा मात्र नको. शिकून झालं की आमची पोरं जातातच. माझाच मुलगा डिग्री घेऊन तळोज्याला नोकरीला आहे. सुट्ट्या लागल्या की डबे निम्म्यावर येतात, मग मी आंब्याच्या पेट्या भरायला जाते.

खोल्या बांधायचा विचार असेल तर आधी विहीर बघा. मागच्या आळीत एकाने कर्ज काढून आठ खोल्या बांधल्या. एप्रिलात पाणी तळाला गेलं, ऐन परीक्षेत मुलं दुसरीकडे गेली, आणि पुढच्या वर्षी सीनियर मुलांनीच नव्यांना सांगून ठेवलं, तिथे जाऊ नका. हप्ते अजून चालू आहेत त्याचे.