लस मोफत, तरी बाळ का सुटतं?

प्रश्न : लस मोफत मिळते आणि जागतिक आकड्यांत मुलगे-मुलींच्या लसीकरणात फारसा फरक दिसत नाही. मग यात स्त्री-पुरुष विषमता कुठे आली?

उत्तर : ती बाळापेक्षा आईच्या परिस्थितीत शोधावी लागते. केंद्र फक्त कामाच्या वेळेत उघडं असेल, तर मोफत लसीसाठीही तिची दिवसाची मजुरी बुडते. वर घरून परवानगी आणि प्रवासखर्च.

काही नियम हा भार आणखी वाढवतात. गोवराची लस बहुधा 10 डोसांच्या कुपीत येते. द्रावक मिसळल्यावर उरलेले डोस सहा तासांनी किंवा सत्र संपताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावे लागतात. जिथे वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जातो, तिथे परिचारिका एका बाळासाठी कुपी फोडायला कचरते आणि ‘पुढच्या वेळी या’ म्हणते. ज्या आईला पुन्हा येणं सर्वांत अवघड, तिचंच बाळ सुटतं. एकच बाळ आलं तरी कुपी उघडावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र त्यासाठी मागणी नोंदवतानाच वाया जाणारे डोस धरायला हवेत. दोष परिचारिकेला देऊन काही साधत नाही.

प्रश्न : आमच्या भागात नेमकी अडचण काय, हे कसं ओळखावं?

उत्तर : त्रिगुणी लसीच्या (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) पहिल्या आणि तिसऱ्या डोसाचे आकडे मागा. समजा, 100 बाळांपैकी पहिला डोस 90 जणांना आणि तिसरा 72 जणांना मिळाला. गळती 18 भागिले 90, म्हणजे 20 टक्के. ती 10 टक्क्यांवर गेली, तर लोक येतात पण टिकत नाहीत: वेळ, वागणूक, साठा तपासा. पहिलाच डोस कमी असेल, तर सेवाच पोहोचलेली नाही. केंद्राच्या नोंदवहीत आईचं शिक्षण सहसा नसतं, त्यामुळे सरासरीआड दडलेली कुटुंबं घरोघरच्या पाहणीतच दिसतात.

प्रश्न : एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) लस अनेक ठिकाणी फक्त मुलींनाच का?

उत्तर : या विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा सर्वाधिक आढळतो, म्हणून 9 ते 14 वर्षांच्या मुली आधी. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्यायही मान्य केला आहे. एचआयव्हीबाधित मुलींना मात्र किमान दोन, शक्यतो तीन डोस हवेत. मला जास्त खटकतं ते शाळेतूनच लस देणं: शाळा अर्धवट सुटलेल्या मुली यादीतच येत नाहीत. त्यांच्यासाठी वस्तीत वेगळं सत्र आधीच ठरवून घ्या.