गावाच्या सर्व्हेला निघालायस ना, मग आधी हे वाच

अरे, फॉर्म घेऊन डायरेक्ट घरोघरी सुटू नकोस, आधी पारावर बस, काय विचारायचं ते गावालाच ठरवू दे. मी पहिल्यांदा 'पाणी: विहीर' एवढंच टिक करत सुटलो होतो तर एका आजीनं थांबवलं, म्हणाली बाबा ती होळीनंतर आटते आणि आम्हाला तिथं भरू कोण देतं तेपण लिही की, फॉर्मात त्याला रकानाच नव्हता! गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात लोकांचेच अभ्यासगट आहेत, तसं काहीतरी जमव. माहिती गोळा करणाऱ्या गावातल्या पोरींना बुडलेली मजुरी दे, सर्टिफिकेटनं पोट भरत नाही. रिपोर्ट फायनल करण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखव, चुका तिथंच कळतात. औषधी झाडांच्या जागा मात्र विचारल्याशिवाय मॅपवर टाकू नको, व्यापारी टपलेलेच असतात.