कायद्यातून हाकलेली सहा घोड्यांची गाडी

तासगावहून एका वाचकांनी विचारलंय: इंग्रजी अग्रलेखात ‘या दुरुस्तीनं ड्राइव्ह्ज अ कोच अँड हॉर्सेस थ्रू द अ‍ॅक्ट’ अशा धाटणीचं वाक्य होतं. कोशात ‘नियम मोडणे’च्या आसपासचा अर्थ सापडला, पण ‘दुरुस्तीनं कायदा मोडला’ हे कानाला खटकतं. मग मराठीत काय म्हणावं?

खटकतं ते बरोबरच आहे. इथं मोडण्यापेक्षा निकामी करण्याचा भाव आहे. कायदा पुस्तकात जसाच्या तसा राहतो, फक्त त्याला एवढं भगदाड असतं किंवा पाडलं जातं, की घोडे जुंपलेली अख्खी गाडी त्यातून दौडत जावी. तीही राजरोस. म्हणून ‘पळवाट काढणे’ तोकडं पडतं; पळवाटेनं माणूस अंग चोरून निसटतो.

हे बोल सर स्टीफन राइस यांच्या नावावर सांगतात. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत, १६८७ मध्ये ते आयर्लंडच्या एक्स्चेकर न्यायालयाचे, म्हणजे महसुली दावे चालवणाऱ्या न्यायालयाचे, प्रमुख झाले. त्याआधी इंग्लंडचा सत्ताधीश असलेल्या क्रॉमवेलच्या काळात आयर्लंडमधल्या कॅथलिकांच्या काढून घेतलेल्या जमिनी १६६२ च्या सेटलमेंट कायद्यानं बऱ्याच अंशी नव्या मालकांकडेच ठेवल्या होत्या. राइस स्वतः कॅथलिक. या कायद्यातून सहा घोड्यांची गाडी हाकून दाखवीन, असं ते म्हणत. सहाचा आकडा पुढे गळाला, नुसते घोडे उरले.

आपल्याकडचं उदाहरण उसाचं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं बिल द्यायचं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ऐकायला कडक. पण त्याच कलमात बारीक पाचर आहे: कारखाना आणि शेतकरी यांच्यात वेगळा लेखी करार नसेल तर. ऊसनोंदीच्या वेळी पुढं सरकवलेल्या छापील कागदावर ‘हप्त्यांनी पैसे घेण्यास माझी संमती आहे’ अशी ओळ असली आणि खाली सही पडली, की पहिली उचल घ्या आणि बाकीच्याची वाट बघा. नियम कुणी मोडला? कुणीच नाही. इंग्रजी वाक्प्रचार नेमका इथं बसतो.

मराठीत ‘धाब्यावर बसवणे’ सगळ्यांना आधी सुचेल. (हे धाबं म्हणजे घराचं सपाट मातीचं छप्पर, जत-आटपाडीकडं अजून दिसतं; हायवेवरच्या जेवणाशी त्याचा संबंध नाही.) पण त्यात बेपर्वाई आहे. नियम माहीत असून कुणीतरी तो जुमानत नाही. ‘पायदळी तुडवणे’ त्याहून आक्रमक. माझी पसंती ‘हरताळ फासणे’ला. हरताळ हे पिवळं खनिज. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरांवर त्याचा लेप देत, म्हणजे अक्षर खाली असूनही वाचता येत नसे. दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा, तो ‘हाट’ (बाजार) आणि ‘ताळा’ (कुलूप) यांतून आलेला. दोघांची गल्लत नको.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करीन: ‘या दुरुस्तीनं मूळ कायद्यालाच हरताळ फासला.’ भगदाडाची कल्पना ठेवायचीच असेल, तर ‘कायद्याला मोठंच खिंडार पाडलं’ हेही चालेल. मात्र विश्रामबागच्या चौकात सिग्नल तोडणाऱ्यासाठी हा इंग्रजी वाक्प्रचार वापरू नका. त्याला समोर कायदा, धोरण, बंदी किंवा एखादा मोठा युक्तिवादच लागतो. सिग्नलवाल्यानं साधा नियम मोडलाय.