कोडिंग येत नसताना क्लिनिकच्या एसडीएन नेटवर्कचे नियम लावता येतील का?

हो, येतील. एसडीएन म्हणजे नेटवर्कचे नियम प्रत्येक स्विचवर न लावता एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरमधून लावायची पद्धत. प्रश्न धरमपेठेतल्या क्लिनिकचा आहे: ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच), त्याला नियम देणाऱ्या कंट्रोलरचं वेब पॅनेल, आणि पेशंटच्या वायफायवरून बिलिंगचा संगणक दिसू नये एवढंच हवंय.

पॅनेल उघडण्याआधी नियम वहीत लिहा: ‘पेशंट वायफाय ते बिलिंग बंद’, ‘पेशंट वायफाय ते इंटरनेट चालू’. खरं काम इथंच होतं, पुढे फक्त रकाने भरायचे. पेशंट वायफायला व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) 30, बिलिंगला 10 द्या.

घोळ होतो तो प्रायॉरिटीत, म्हणजे कोणता नियम आधी लागू होतो त्यात. ओपनफ्लोमध्ये (कंट्रोलर ज्या भाषेत स्विचला नियम देतो ती) मोठा आकडा जिंकतो. ‘बिलिंग बंद’ला 200 आणि ‘इंटरनेट चालू’ला 100 द्या. उलट दिलं तर बिलिंग उघडं पडतं आणि पॅनेल चूक दाखवतही नाही. शेवटी प्रायॉरिटी 0 वर ‘बाकी सगळं बंद’. पण त्याच्या वर एआरपी (नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना शोधतात ते), डीएचसीपी (उपकरणाला आयपी पत्ता देणारं, यूडीपी पोर्ट 67, 68) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं, पोर्ट 53) चालू हवेतच. लॅपटॉपला 169.254 ने सुरू होणारा पत्ता आला तर डीएचसीपी अडलंय. पत्ता बरोबर आहे पण साइट उघडत नाही? डीएनएस बघा.

एक गोष्ट आवर्जून करा. कंट्रोलरशी संपर्क तुटला की ओपन व्हीस्विच मूळ ‘स्टँडअलोन’ सेटिंगमध्ये साध्या स्विचसारखा वागतो, म्हणजे तुमचे नियम गेले. नेटवर्क बसवणाऱ्याकडून ते सेटिंग ‘सिक्युअर’ करून घ्या, म्हणजे संपर्क तुटला तरी लावलेले नियम राहतात. स्विच आणि कंट्रोलर दोन्ही यूपीएसवर ठेवा. मे महिन्यात नागपुरात लाइट गेली की त्याचं काम पडतंच.

प्रत्येक बदलाआधी नियमांचा बॅकअप घ्या, आणि नंतर पेशंट वायफायवरच्या फोनमधून बिलिंगचा आयपी उघडून पाहा. उघडायला नको.