लॅडर फिल्टरची शिट्टी बेसूर का होते?

प्रश्न: मूग सिंथेसायझरच्या लॅडर फिल्टरची (कटऑफ या वारंवारतेच्या वरचे सूर कापणारं सर्किट) नक्कल सी प्लस प्लसमध्ये केली आहे. चार एक-पोल लो-पास (उंच सूर कमी करणारे साधे टप्पे) एकामागून एक, शेवटचा आउटपुट उलटा करून एका सॅम्पलने उशिरा इनपुटला, आणि आउटपुटवर एक टॅन-एच (आकडा -1 ते 1 मध्ये दाबणारं फंक्शन). रेझोनन्स, म्हणजे इनपुटला परत जाणारा हा फीडबॅक, वाढवला की फिल्टर शिट्टी मारतो, पण कटऑफ वर नेला की सूर उतरतो. रेझोनन्स आणखी वाढवला तर आवाज फाटून एकदम बंद पडतो.

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत.

आवाज बंद पडतो, कारण टॅन-एच चुकीच्या जागी आहे. कटऑफला प्रत्येक टप्पा सिग्नल 0.707 पट करतो आणि फेज 45 अंश मागे टाकतो. चार टप्प्यांत झाले 180 अंश आणि पाव पट, म्हणून फीडबॅक 4 झाला की फिल्टर आपणहून वाजतो. त्यापुढे लूपमधले आकडे वाढतच जातात; बाहेरचा टॅन-एच ते फक्त झाकतो, आणि शेवटी हाती येतो नॅन, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असा निकाल. रॉबर्ट मूग यांच्या सर्किटमध्ये (पेटंट 1969) हा लगाम प्रत्येक ट्रान्झिस्टर जोडीतच आहे. म्हणून प्रत्येक टप्प्याला असं लिहा: बदलाचा वेग = कोनीय कटऑफ (2 × पाय × कटऑफ) × (आधीच्या टप्प्याचा टॅन-एच − स्वतःचा टॅन-एच). टॅन-एचला दिलेला 1 म्हणजे सर्किटमधले साधारण 52 मिलिव्होल्ट, थर्मल व्होल्टेजची दुप्पट. स्वतःचा टॅन-एच पुढच्या टप्प्यालाही चालतो, त्यामुळे चार टप्प्यांच्या एका हिशेबाला पाचच टॅन-एच लागतात. सिग्नल मोठा झाला की टॅन-एचचा उतार घटतो आणि कटऑफ जणू खाली सरकतो. मूगचा तो भरलेला आवाज इथून येतो, त्यामुळे इनपुटची पातळी कानाने लावा, 0.5 पासून सुरुवात करा.

सूर उतरतो तो त्या एका सॅम्पलच्या उशिरामुळे. 44.1 किलोहर्ट्झला 500 हर्ट्झवर तो जेमतेम 4 अंशांचा, पण 5 किलोहर्ट्झवर 41 अंशांचा. त्यामुळे शिट्टीला लागणारे 180 अंश कटऑफच्या खालीच भरतात. ट्रॅपेझॉइडल इंटिग्रेटर (मागच्या आणि आताच्या वेगाची सरासरी घेऊन पुढे जाणारा) वापरा, गुणक टॅन(पाय × कटऑफ ÷ सॅम्पल रेट) घ्या, आणि फीडबॅकचं समीकरण त्याच सॅम्पलमध्ये न्यूटनच्या पद्धतीने, म्हणजे अंदाज फेरीफेरीने सुधारत, सोडवा. मागच्या सॅम्पलचं उत्तर पहिला अंदाज म्हणून दिलं, तर बहुतेक वेळा दोन-तीन फेऱ्या पुरतात.

ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब जास्त सॅम्पल रेटने करणं) मात्र टाळू नका. टॅन-एच विषम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या 3, 5, 7 पट वारंवारता) तयार करतो. 9 किलोहर्ट्झच्या सुराचा पाचवा हार्मोनिक 45 वर जातो आणि 44.1 च्या सॅम्पल रेटला दुमडून 900 हर्ट्झवर वाजतो. सॅम्पल रेट चौपट ठेवा.

दुरुस्तीनंतर इनपुट शांत असताना शिट्टी सुरूच झाली नाही, तर घाबरू नका. ट्रान्झिस्टरमध्ये मुळातच खरखर असते, तुमच्या कोडमध्ये निव्वळ शून्य. इनपुटला एक दशलक्षांश (0.000001) पातळीचा नॉइज मिसळा आणि फीडबॅक 4 च्या किंचित वर, 4.1 ठेवा.