काचेतला सॅक्सोफोन

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेले होते, तिने तिथलं जाझ म्युझियम दाखवलं. चार्ली पार्कर या मोठ्या जाझ वादकाचा प्लास्टिकचा सॅक्सोफोन काचेत ठेवलाय, बघून भारी वाटलं पण मग वाईटच वाटलं, मुका झाल्यासारखा वाटला तो. असं ठेवून संगीत टिकतं का हो?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, नुसतं तेवढ्याने नाही टिकत, पण तेही हवंच. तो क्रीम रंगाचा ग्राफ्टन सॅक्सोफोन पार्करने १९५३ ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवलेला, आणि १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात तुमच्या मुलीच्या शहराने तो घेतला नसता तर कुणाच्या तरी कपाटात गेला असता, तुम्हाला दिसलाही नसता.

पण मला यावर नेहमी डॅनी बार्कर आठवतो. न्यू ऑर्लिन्सचा माणूस, गिटार आणि बँजो वाजवायचा, न्यूयॉर्कमध्ये कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये बरीच वर्षं काढली आणि १९६५ ला गावी परत आला, तिथल्या जाझ म्युझियममध्येच असिस्टंट क्युरेटर म्हणून लागला. म्हणजे दिवसभर जुन्या वस्तू सांभाळायच्या, आणि बाहेर रस्त्यावर बघावं तर ब्रास बँडमध्ये सगळी वयस्कर मंडळी, नवीन पोरं जवळपास नाहीतच! मग १९७० च्या सुमाराला फेअरव्ह्यू बाप्टिस्ट चर्चच्या पाद्र्यांनी विचारलं आणि याने मोहल्ल्यातल्या पोरांचा बँड उभा केला. लीरॉय जोन्स म्हणून बारा-तेरा वर्षांचा ट्रम्पेट वाजवणारा मुलगा होता, त्याच्या घरच्या गॅरेजमध्ये तालीम चालायची. नोटेशनचे कागद कमी, कानाने ऐकून उचलायचं जास्त, आपल्याकडे गुरूसमोर बसून शिकतात ना, तसंच. आज जाझमध्ये नावाजलेले विंटन आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस हे भाऊ लहानपणी याच बँडमध्ये होते, आणि पुढे डर्टी डझन हा नावाजलेला ब्रास बँड निघाला त्याची मुळंही इथलीच. मला तर वाटतं एका गॅरेजने जे केलं ते दहा म्युझियमना जमलं नसतं.

आणि हो, तुम्ही गेलात त्या म्युझियमपासून चालत पाच-दहा मिनिटांवर म्युच्युअल म्युझिशियन्स फाउंडेशनची जुनी इमारत आहे. ती काळ्या वादकांच्या युनियनच्या इथल्या शाखेची, म्हणजे ‘लोकल ६२७’ची, होती; पार्कर ज्या वातावरणात वाढला ते हेच. वीकेंडला मध्यरात्र उलटल्यावर तिथे अजून जॅम रंगतो, म्हणजे वादक जमून आयत्या वेळी सुचेल तसं एकत्र वाजवतात. पुढच्या खेपेला मुलीला आधी फोन करून विचारायला सांगा, दुपारी झोप काढा आणि जाऊन बसाच.